आजारी राजहंसाची शुश्रूषा : एक धम्मपाठ

धम्म हा केवळ वाचनाचा विषय नसून आचरणाचा विषय आहे, हे आपण विहारात नेहमी ऐकतो. परंतु आचरण म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एखाद्या साध्या घरगुती प्रसंगीच खऱ्या अर्थाने उभा राहतो. अंगणातला पाळीव राजहंस सकाळी कोपऱ्यात मान ताणून बसला आहे, चोच उघडी आहे, प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी वरखाली होत आहे, आणि घरातली मुले विचारतात, "याला काय झालं?" अशा वेळी मनात दया सर्वांनाच येते. पण दया आली म्हणजे योग्य कृती सुचतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या एका लहानशा प्रसंगाच्या आधारे धम्मातील रुग्णसेवेचा पाठ समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. संस्थेच्या सभासदांना तो घरी उपयोगी पडावा आणि विद्यार्थ्यांना अभ्यासाला विषय मिळावा, एवढाच हेतू आहे.

१. राजहंस आणि आपला परिसर

आपण बोलीत ज्याला 'राजहंस' किंवा नुसते 'हंस' म्हणतो, तो बदकापेक्षा मोठा, लांब मानेचा, अनोळखी माणूस दिसताच ओरडून अंगण डोक्यावर घेणारा पाळीव पक्षी होय. पाळीव राजहंसांच्या मुख्य जाती दोन रानटी पूर्वजांपासून आल्या आहेत. युरोपीय जातींचा पूर्वज करडा हंस आणि चिनी जातींचा पूर्वज पूर्व आशियातील चोचीवर टेंगूळ नसलेला रानहंस. नीट सांभाळ झाला तर राजहंस वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे पहिलीतल्या मुलाबरोबर घरी आलेला पक्षी तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत सोबत करू शकतो. हिवाळ्यात उत्तरेकडून भारतात येणारे रानहंस मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावांवरून आपल्या परिसराचे नाव पडले. १९८९ साली येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि भातशेती, मिठागरे व खाडी यांच्या जागी कंटेनरचे डेपो आणि ट्रेलरचे रस्ते आले. तरीही खाडीचा दमटपणा गेलेला नाही. जून ते सप्टेंबर हवा ओली असते, पेंढा वाळत नाही, धान्याला वास येतो. उरलेले आठ महिने रस्त्याची धूळ आणि डिझेलचा धूर असतो. पांजे परिसरातील पाणथळीवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. ओल, धूर आणि स्थलांतरित पक्षी या तिन्ही गोष्टींचा पाळीव पक्ष्याच्या श्वासाशी जवळचा संबंध आहे. तो पुढे पाहू.

२. धम्मपरंपरेत हंस

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट आहे. बाण लागलेला पक्षी सिद्धार्थासमोर पडला. लोककथेत तो हंस म्हणून ओळखला जातो. आपण ही गोष्ट "मारणाऱ्यापेक्षा तारणारा श्रेष्ठ" या निवाड्यासाठी सांगतो. पण निवाड्याच्या आधी सिद्धार्थाने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याने बाण काढला, जखम बांधली, पाणी दिले आणि पक्ष्याला आपल्या वस्त्रात गुंडाळून छातीशी धरून ऊब दिली. म्हणजे आधी उपचार झाला आणि हक्काचा वाद नंतर झाला. आजही पक्ष्यांचे डॉक्टर घाबरलेल्या, अशक्त पक्ष्यासाठी पहिली गोष्ट सांगतात ती ऊब आणि शांतता हीच.

दुसरी कथा जातकांतील आहे. हंसांचा राजा फासात सापडला तेव्हा सारा थवा उडून गेला, पण सुमुख नावाचा त्याचा सेनापती त्याला सोडून गेला नाही. त्याची निष्ठा पाहून पारध्याचे मन पालटले. परंपरेप्रमाणे हा सुमुख म्हणजे पुढच्या जन्मीचे आनंद स्थविर. ही हंसजातकाची कथा आपल्या महाराष्ट्रातच, अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीवर रंगविलेली आहे. शाळेची सहल अजिंठ्याला जाईल तेव्हा विद्यार्थ्यांनी सतराव्या लेण्यातील हे चित्र अवश्य पाहावे.

तिसरा दाखला इतिहासाचा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचेही त्यात सांगितले आहे. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी आहे. त्या यादीत पोपट, साळुंकी, चक्रवाक यांच्याबरोबर हंसाचेही नाव आहे. अशोकाचा हात आपल्यापर्यंत पोहोचला होता, याची साक्ष नालासोपाऱ्याला सापडलेल्या शिलालेखांच्या तुकड्यांतून मिळते. तेव्हा पक्ष्याच्या औषधपाण्याची चर्चा धम्माच्या व्यासपीठावर करणे हे विषयांतर नव्हे.

३. तथागतांचा रुग्णसेवेचा पाठ

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजविले. नंतर भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी सांगितले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत ते दिले आहेत. थोडक्यात सांगायचे तर ते असे :

(१) त्याला औषध तयार करता व देता यावे.
(२) आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे. मानवते ते त्याने जवळ आणावे, मानवत नाही ते दूर करावे.
(३) लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीच्या भावनेने त्याने सेवा करावी.
(४) मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये.
(५) योग्य वेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याचे मन त्याला प्रसन्न करता यावे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाच गुणांत मैत्री तिसरी आली आहे. पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. म्हणजे केवळ प्रेम असून भागत नाही, काय करावे हे माहीत असावे लागते. त्याच ठिकाणी कोणत्या आजाऱ्याची सेवा करणे कठीण असते तेही सांगितले आहे. त्यातला एक म्हणजे जो आपला आजार जसा आहे तसा सांगत नाही तो. राजहंस अगदी अशाच आजाऱ्यांपैकी आहे. तो बोलू शकत नाही हे एक. दुसरे असे की, अशक्त दिसणाऱ्या पक्ष्यावर शिकारी प्राणी प्रथम झडप घालतो, म्हणून पक्षी आपला आजार शक्य तितके दिवस लपवितो. आपल्याला तो आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. म्हणूनच "उद्या बघू" हे पक्ष्याच्या बाबतीत चालत नाही.

४. पक्षी श्वास कसा घेतो

पक्ष्याचा श्वास आपल्यासारखा नसतो. आपल्या छातीखाली श्वासपटल असते, पक्ष्याला ते नसते. त्याची फुप्फुसे लहान आणि फारशी न फुगणारी असतात. त्यांना जोडून पातळ पडद्याच्या हवेच्या पिशव्या असतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात आणि पोटापर्यंत पसरलेल्या असतात. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हा या पिशव्या भात्याप्रमाणे हवा आत घेतात व बाहेर टाकतात. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात.

पहिली : पक्ष्याला उचलताना त्याची छाती कधीही घट्ट दाबू नये. नाक मोकळे असले तरी छाती हलू न दिल्यास पक्षी गुदमरून मरतो. पंख अंगालगत धरावेत, पोटाखाली हात द्यावा आणि छाती मोकळी ठेवावी. मान धरून कधीही उचलू नये.

दुसरी : श्वासनलिकेचे तोंड पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच उघडते. त्यामुळे चोच उघडून ओतलेले पाणी, काढा किंवा दूध सहज श्वासनलिकेत जाते. घरोघर प्रेमापोटी हीच चूक होते. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला चमच्याने हळदीचे दूध किंवा तुळशीचा काढा पाजला जातो आणि आजारापेक्षा त्या ठसक्यानेच तो दगावतो.

५. त्रास ओळखावा कसा

उन्हाळ्याच्या दुपारी राजहंस चोच उघडून आणि पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतो. अंग थंड करण्याची ती त्याची रीत आहे. सावलीत आणून, जवळ पाणी ठेवून थोड्या वेळात तो शांत झाला तर काळजीचे कारण नाही. परंतु थंड वेळी, स्वस्थ बसलेला असतानाही पुढील लक्षणे दिसली तर तो आजार समजावा :

चोच उघडी ठेवून श्वास घेणे. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणे. मान पुढे ताणून धरणे. श्वासात शिटी किंवा घरघर ऐकू येणे. आवाज बसणे किंवा बदलणे. नाकपुड्यांतून पाणी वा चिकट स्राव येणे, डोळ्यांत फेस दिसणे. थव्यापासून दूर बसणे. खाणे कमी होऊन छातीचे मधले हाड हाताला धारदार लागणे. नारिंगी चोचीचा रंग काळपट वा जांभळट होऊ लागला तर प्राणवायू कमी पडत आहे असे समजावे आणि क्षणाचाही विलंब लावू नये.

पक्षी निरोगी असताना तो मिनिटाला किती श्वास घेतो हे घड्याळ लावून एकदा मोजून लिहून ठेवावे. आजारपणात तुलना करायला तोच आकडा उपयोगी पडतो.

६. आपल्या भागातील कारणे

बुरशी : आपल्या हवेत सर्वांत जास्त भीती हिची. ओल्या पेंढ्यावर, जुन्या कोंड्यावर, बुरसटलेल्या पावावर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिची सूक्ष्म बीजे श्वासाबरोबर हवेच्या पिशव्यांत जाऊन तेथे रुजतात. हा रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याला लागत नाही, पण एकाच पेंढ्यावर बसणारे सगळेच आजारी पडू शकतात. यावर बुरशीविरोधी औषधे असून ती कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने द्यावी लागतात. साध्या अँटिबायोटिकने बुरशी जात नाही.

जंतू : पाश्चुरेला, रिमेरेला, मायकोप्लाझ्मा यांसारख्या जंतूंमुळे बदक-हंसांना श्वासाचे आजार होतात. येथे अँटिबायोटिकचा उपयोग होतो, पण कोणते आणि किती हे तपासणीवरूनच ठरते.

खराब हवा : साफ न केलेल्या खुराड्यात विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. खुराड्यात वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले तर पक्ष्याचे फुप्फुस रोज तेच सोसत आहे असे समजावे. मच्छर अगरबत्ती, उदबत्ती, कचऱ्याचा धूर यांचाही त्रास होतो. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा गॅसवर विसरून तापला तर त्याच्या वाफेने घरातले पक्षी काही मिनिटांत मरू शकतात.

कृमी व जळवा : राजहंसाच्या श्वासनलिकेत राहणारे कृमी असतात. डबक्यातल्या जळवा नाकपुडीत शिरतात. पक्षी वारंवार मान झटकत असेल तर ही शंका घ्यावी.

इतर : आहारात अ जीवनसत्त्वाची उणीव, अतिलठ्ठपणा, पोटात पाणी साचणे, मादीच्या अंडनलिकेचे विकार, यांमुळेही श्वास अपुरा पडतो. आणि शेवटचे कारण विषाणूंचे, म्हणजे राणीखेत व बर्ड फ्लू. त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

कारणे इतकी निरनिराळी आहेत की नुसते पाहून रोग ठरविणे घरच्या माणसाला शक्य नाही. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक ठरते. बुरशीच्या रोगात सूज उतरविणारी स्टिरॉइडची गोळी दिली तर पक्ष्याची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाते. म्हणून घरात उरलेली माणसांची औषधे पक्ष्याला देऊ नयेत.

७. पाच गुण प्रत्यक्षात

आता तथागतांनी सांगितलेले पाच गुण राजहंसाच्या शुश्रूषेला लावून पाहू.

पहिला गुण, औषध : प्रथम पशुवैद्यकाकडे जावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. गंभीर वेळी मुंबईत परळला दोन मोठ्या जागा आहेत. एक १८८६ साली स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची आणि दुसरी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयाची. पूर्वी वाशीमार्गे अर्धा दिवस मोडत असे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाल्यापासून ते अंतर पुष्कळ कमी झाले आहे. मात्र या सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, त्यामुळे चारचाकीची सोय करावी. पक्षी झाकलेल्या पण हवेशीर खोक्यात न्यावा, गोणपाटात बांधू नये. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन करून न्यावे. बरे वाटले तरी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत औषध थांबवू नये. औषध चालू असताना, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, त्या पक्ष्याची अंडी खाऊ नयेत.

दुसरा गुण, मानवणारे आणि न मानवणारे : आजारी पक्ष्याला वेगळी, कोरडी, हवेशीर पण वाऱ्याचा झोत न लागणारी जागा द्यावी. पेंढ्याऐवजी स्वच्छ जुनी चादर किंवा वर्तमानपत्र अंथरावे आणि ते रोज बदलावे. पावसाळ्यात पक्षी गारठला असेल तर जागेच्या एका टोकाला दिवा लावून सुमारे २८ ते ३० अंश सेल्सिअस ऊब द्यावी. दुसरे टोक थंड ठेवावे, म्हणजे त्याला हवे तिकडे सरकता येईल. तो उष्म्याने धापा टाकत असेल तर ऊब देऊ नये. पाण्याचे भांडे इतके खोल असावे की त्यात चोच नाकपुड्यांसकट बुडेल, कारण हंस पाण्यानेच आपले नाक व डोळे धुतो. अशक्त पक्ष्याला तळ्यात मात्र सोडू नये. भिजविलेला भात, ताजा बारीक चिरलेला पाला, कोवळे गवत समोर ठेवावे, जबरदस्तीने भरवू नये. बुरसटलेला पाव, शिळे अन्न, दूध ही न मानवणारी म्हणून दूर करावीत. वाफ देणे किंवा यंत्राने औषधी फवारा देणे हे डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणेच करावे.

तिसरा गुण, मैत्री : अंडी देणारी मादी असेल तर तिच्यासाठी धावपळ होते आणि म्हाताऱ्या नराला "एवढा खर्च कशाला" म्हणून सोडून दिले जाते. महावग्गातील त्या भिक्खूकडेही कोणी पाहत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. उपयोग संपल्यावरही जी टिकते तीच मैत्री.

चौथा गुण, किळस नसणे : विष्ठा रोज पाहावी लागते. तिचा रंग, पातळपणा, प्रमाण यांवरून पुष्कळ कळते. नाकातील स्राव ओल्या कापसाने पुसावा लागतो. किळस नको याचा अर्थ सावधगिरी नको असा नव्हे. नाकातोंडाला मुखपट्टी आणि हातात मोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर बुरशीचा पेंढा त्याने हलवू नये. दुकानदार रोजकीर्द लिहितो त्याप्रमाणे एका वहीत तारीख, वजन, मिनिटाचे श्वास, खाणे, विष्ठा आणि दिलेले औषध लिहावे. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्यावे. त्याला निरीक्षणाची सवय लागते आणि डॉक्टरांना हकीकत मिळते.

पाचवा गुण, मन प्रसन्न करणे : पक्ष्याला धम्मप्रवचन कसे सांगणार, असे कोणी विचारील. त्याला शब्द कळत नाहीत, पण भीती कळते. राजहंस जोडीने राहणारा पक्षी आहे. त्याला एकटे कोंडले की तो हाका मारून श्वास खर्च करतो. रोग सांसर्गिक नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल तर त्याचा जोडीदार त्याला दिसेल असा जवळ ठेवावा. जातकातील सुमुखाने तरी दुसरे काय केले? तो जवळ थांबला. घरातल्या माणसांनी हळू बोलावे, कुत्रा दूर ठेवावा, दर पाच मिनिटांनी जाऊन हात लावू नये. मेत्तसुत्ताचे पठण जरूर करावे, त्याने आपले मन स्थिर होते. पण पठण हे औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीने असावे.

८. करुणा आणि कर्तव्य

येथवरचा भाग सोपा आहे. कठीण भाग पुढे आहे.

महाराष्ट्रात बर्ड फ्लूचा पहिला मोठा प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२५ मध्ये तो थेट आपल्या उरण तालुक्यात, चिरनेर येथे आढळला. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नाव झालेल्या या गावात एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग पाणपक्ष्यांत फिरतो. बदके व हंस कधी कधी स्वतः आजारी न दिसताही विषाणू बाळगतात. म्हणून हिवाळ्यात आपले राजहंस खाडीवर, जेथे स्थलांतरित पक्षी उतरतात तेथे, चरायला सोडू नयेत.

एकाच राजहंसाला श्वास लागला म्हणजे लगेच बर्ड फ्लू असे नव्हे, घबराट करू नये. परंतु एकदोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, डोके सुजले, मान वाकडी होऊन तोल जाऊ लागला, तर पक्षी कोठेही हलवू नये, मेलेल्याला हाताळू नये, खाडीत टाकू नये. तात्काळ ग्रामपंचायतीला व पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याप्रमाणे असे कळविणे मालकावर बंधनकारक आहे. रोगाचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते.

आता खरा प्रश्न. कळविले तर कदाचित आपला लाडका पक्षी मारला जाईल. न कळविले तर तो कदाचित वाचेल, पण शेजाऱ्याची मुले आणि गावातील गरिबाच्या कोंबड्या धोक्यात येतील. पंचशीलातील पहिले शील पाळणाऱ्याने काय करावे?

डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांतील भेद दाखविला आहे. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांनी स्पष्ट केलेला मुद्दा येथे मार्गदर्शक आहे. आजार लपविणे हे वरवर दयेचे कृत्य दिसते, पण त्यात आपल्या एका पक्ष्यावरची आसक्ती असते आणि इतर प्राणिमात्रांचा विसर असतो. मैत्री ही सर्वांपर्यंत पोहोचते, आपल्या कुंपणाशी थांबत नाही. म्हणून कळविणे हेच धम्माला धरून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याचबरोबर ज्यांचे पक्षी गेले त्यांना शासकीय भरपाई मिळवून देण्यासाठी अर्ज लिहून देणे, त्यांच्या मुलांची समजूत घालणे, हे आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे. गरज मान्य करूनही दुःख वाटले पाहिजे. ते वाटेनासे झाले तर गरजेच्या नावाखाली इच्छाच काम करू लागते.

९. उपसंहार

प्रज्ञा, शील आणि करुणा हे तीन शब्द आपण एका दमात उच्चारतो. राजहंसाच्या या लहानशा आजारपणात ते तिन्ही वेगवेगळे दिसतात. धाप लागलेल्या पक्ष्यापाशी आपले पाय थांबतात ती करुणा. काढा पाजायला निघालेला हात थांबतो आणि ऊब देऊन डॉक्टरांकडे जायला निघतो ती प्रज्ञा. आपले नुकसान होत असतानाही आपण खरे ते कळवितो ते शील. यांतले एक जरी नसले तरी उरलेली दोन अपुरी पडतात. केवळ करुणेने पक्षी गुदमरतो आणि केवळ प्रज्ञेने तो दुर्लक्षिला जातो.

पावसाळ्याआधी खुराडे उंचावर घेणे, जुना पेंढा काढून टाकणे, धान्य उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे, एवढे केले तरी निम्मे आजार दाराबाहेर राहतील. या कामाला पैसा फारसा लागत नाही. ज्यांच्या घरी पक्षी नाही त्यांनाही हा पाठ लागू आहे. आपल्या वस्त्यांत ट्रेलरच्या धुळीने खोकणारी मुले आहेत, दम्याने रात्र बसून काढणारी वृद्ध माणसे आहेत. त्यांतले कित्येक राजहंसासारखेच आपला आजार सांगत नाहीत. त्यांच्याकडे लक्ष जाण्याची सवय मूक पक्ष्याकडे पाहूनही लागू शकते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. महावग्गातील शुश्रूषेच्या पाच गुणांपैकी ज्ञानाशी संबंधित गुण कोणते? त्यांचे स्थान पहिले का असावे?
२. पक्ष्याच्या तोंडात पाणी किंवा काढा का ओतू नये? शरीररचनेच्या आधारे सांगा.
३. आपल्या घराच्या आसपास बुरशी व धूर निर्माण करणाऱ्या पाच गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीवर उपाय सुचवा.
४. सांसर्गिक रोग लपविणे ही करुणा आहे काय? तत्त्व आणि नियम यांतील भेद लक्षात घेऊन दहा ओळींत उत्तर लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!